जांभळाच्या बियांचा अर्क आणि इन्सुलिन रिसेप्टर: नेमकं कोणतं प्रोटीन मागवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही जांभळाच्या बियांच्या अर्कावर काम करताय. तो इन्सुलिनसारखा वागतो का, हे पाहण्यासाठी गाइडनी 'रीकॉम्बिनंट ह्यूमन इन्सुलिन रिसेप्टर' (मानवी जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं प्रोटीन) आणायला सांगितलं. आधी स्वस्तातलं, ई. कोलाय या जिवाणूत बनवलेलं, हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली छोटी शेपटी) असलेलं प्रोटीन घेतलं आणि ते एलायझाच्या (अँटिबॉडी वापरून रंगाने मोजण्याच्या चाचणीच्या) प्लेटवर थेट चढवलं. त्यावर अर्क, मग औषधाच्या दुकानातलं इन्सुलिन १:१०० करून, मग अँटी-इन्सुलिन अँटिबॉडी. नुसत्या इन्सुलिनचा सिग्नल ब्लँकपेक्षा जेमतेम वर आला, पण अर्क घातल्यावर तोही खाली गेला. त्यावरून 'अर्क इन्सुलिनशी स्पर्धा करतो' असा निष्कर्ष निघाला, आणि आता पेपरसाठी 'चांगल्या प्रतीचं' प्रोटीन घ्यायचंय. कॅटलॉगमध्ये दहा प्रकार दिसतात, किमतीत मोठा फरक आहे. यातलं कोणतं घ्यावं, आणि एसपीआर (चिपवर बसवलेल्या प्रोटीनला रेणू चिकटतो का ते थेट मोजणारं तंत्र) करावं का?

मी बरीच वर्षं रिसेप्टर प्रोटीन बनवण्याचं आणि त्यांच्यावर बाइंडिंग, कायनेजच्या चाचण्या करण्याचं काम करतो. कॅटलॉगमधलं नाव सांगण्याआधी मला तुमचा प्रश्न जरा फिरवून मांडावा लागेल, कारण खरी अडचण प्रोटीनच्या प्रतीची नाही. 'रीकॉम्बिनंट ह्यूमन इन्सुलिन रिसेप्टर' या एकाच नावाखाली एकमेकांशी काहीही साम्य नसलेल्या वस्तू विकल्या जातात. रिसेप्टर पेशीच्या पडद्यात आरपार बसलेला असतो. इन्सुलिन येऊन चिकटतं ते बाहेरच्या भागाला, आणि पुढचं सगळं काम, म्हणजे टायरोसिनवर फॉस्फेट चढवण्याचं, आतला कायनेज भाग करतो. दाराच्या बेलसारखं समजा: बटण बाहेर, घंटा आत. कॅटलॉगमध्ये बहुतेक वेळा नुसतं बटण मिळतं किंवा नुसती घंटा. बटण विकत घेऊन घंटा वाजली का हे तपासता येत नाही. नुसत्या कायनेज भागावर कितीही इन्सुलिन ओतलं तरी तो हलणार नाही, कारण इन्सुलिन जिथे बसतं ती जागाच तिथे नसते.

म्हणून पहिलं काम हे: पेपरच्या शेवटी कोणतं वाक्य लिहायचंय ते ठरवा. 'अर्कातला घटक रिसेप्टरला बांधला जातो' हे एक विधान. 'तो इन्सुलिनला त्याच्या जागेवरून हटवतो' हे दुसरं. 'तो रिसेप्टर चालू करतो' हे तिसरं, आणि 'त्यामुळे पेशीत जास्त ग्लुकोज शिरतं' हे चौथं. या चारांना चार वेगळे प्रयोग लागतात आणि वेगळं प्रोटीन लागतं. चौथ्या विधानासाठी तर विकतच्या प्रोटीनची गरजच नाही. तुमच्या प्रश्नात ही चारही विधानं एकमेकांत मिसळली आहेत आणि गोंधळ तिथून सुरू झालाय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. तुमच्याकडे अर्क आहे की वेगळा केलेला एखादा शुद्ध घटक? जवळपास एसपीआरचं यंत्र आहे का? पेशी वाढवण्याची सोय आहे का? या तीन उत्तरांवर पुढचं बरंच काही बदलतं. तुमच्या लिहिण्यावरून अर्क कच्चा आहे आणि यंत्रांत प्लेट रीडरच आहे असं धरून चालतो.

आधी बाहेरचा भाग घेऊ, कारण तुम्ही जे विकत घेतलं ते बहुधा त्याचाच एक तुकडा आहे.

मानवी इन्सुलिन रिसेप्टरची सुरुवातीची साखळी १३८२ अमिनो आम्लांची असते. पहिली २७ सिग्नल पेप्टाइड म्हणून निघून जातात. उरलेली साखळी फ्युरिन नावाचं एन्झाइम कापतं आणि अल्फा, बीटा असे दोन भाग होतात. ते डायसल्फाइड बंधांनी जोडलेले राहतात, आणि असे दोन संच पुन्हा डायसल्फाइडनेच एकमेकांना जोडले जाऊन पूर्ण रिसेप्टर होतो. शिवाय अंगभर साखरेच्या साखळ्या असतात. ई. कोलाय या साखळ्या चढवत नाही, फ्युरिनने कापत नाही, आणि इतके सगळे डायसल्फाइड जागच्या जागी जुळवणं त्याला जमत नाही. त्याहून महत्त्वाचं असं की इन्सुलिनची मुख्य जागा एका तुकड्यावर नसतेच. एका अर्ध्याचा एल-१ भाग आणि दुसऱ्या अर्ध्याच्या अल्फा साखळीचं शेवटचं टोक मिळून ती जागा तयार होते. २०१३ साली मेलबर्नच्या गटाने 'नेचर'मध्ये इन्सुलिन बसलेल्या अवस्थेची रचना छापली, तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. त्यामुळे अल्फा साखळीचा एखादा सुटा तुकडा ई. कोलायमध्ये काढला तर इन्सुलिन त्याला नीट धरू शकत नाही. असली उत्पादनं वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर वेगळी केलेली प्रोटीन अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीत) स्टँडर्ड म्हणून किंवा अँटिबॉडी तयार करताना अँटिजन म्हणून ठीक असतात. बाइंडिंगसाठी ती वापरू नयेत. तुमचा इन्सुलिनचा सिग्नल ब्लँकच्या जवळ राहिला याचं सगळ्यात सरळ कारण मला हेच दिसतं.

बाइंडिंगसाठी बाहेरचा पूर्ण भाग हवा, आणि तो सस्तन प्राण्याच्या पेशीत बनवलेला हवा: एचईके-२९३, सीएचओ किंवा एनएस-झीरो. डेटाशीटवर अमिनो आम्लांचे क्रमांक दिलेले असतात, आधी ते वाचा. रिसेप्टरचे ए आणि बी असे दोन प्रकार असतात. २८ ते ९५६ असेल तर तो बी प्रकाराचा पूर्ण बाहेरचा भाग. २८ ते ९४४ असेल तर ए प्रकार, कारण त्यात एक्झॉन ११ या जनुकाच्या तुकड्यातली १२ अमिनो आम्लं नसतात. सुरुवातच ९८० च्या पुढे असेल तर तो आतला भाग, बाइंडिंगच्या कामाचा नाही. आणि २८ पासून सुरू होऊन मध्येच कुठेतरी संपत असेल तर जपून. एवढं तपासलं तरी दहातली निम्मी उत्पादनं गळतात.

ए की बी? चयापचयाचा प्रश्न असेल तर बी, कारण यकृत, स्नायू आणि चरबीच्या पेशींत प्रौढ वयात बी प्रकार जास्त असतो. ए प्रकार गर्भावस्थेत आणि बऱ्याच कर्करोगांच्या पेशींत जास्त दिसतो, आणि तो आयजीएफ-२ या इन्सुलिनसारख्या वाढीच्या संप्रेरकाला चांगला धरतो. बाजारात मात्र ए प्रकार सहज मिळतो आणि पुष्कळ लोक न पाहता तोच घेतात. इन्सुलिन दोन्हींना जवळपास सारखंच बांधलं जातं, त्यामुळे ए घेतला म्हणून प्रयोग वाया जात नाही. पण पेपरमध्ये कोणता प्रकार होता ते लिहावं लागेल, आणि चांगला रिव्ह्यूअर विचारेलच.

आता हिस-टॅग की एफसी (अँटिबॉडीचा शेपटीचा भाग)? इथे मी जरा थांबतो, कारण हा निर्णय नुसत्या सोयीचा नाही. पडद्यातून सुटा केलेला बाहेरचा भाग इन्सुलिनला धरतो, पण पेशीवरच्या पूर्ण रिसेप्टरपेक्षा सैल धरतो. पेशीवर ही पकड एक नॅनोमोलरच्या बरीच खाली असते, सुट्या भागाची काही नॅनोमोलर. कारण असं की पडद्यात रिसेप्टरचे दोन्ही पाय एका मर्यादेत राहतात, आणि पडदा काढला की ते फाकतात. २००६ साली सुट्या भागाची जी स्फटिकरचना आली, त्यात हे फाकलेले पाय स्पष्ट दिसतात. १९९६ मध्ये स्टाइनर यांच्या गटाने दाखवलं की पायांच्या टोकांना अँटिबॉडीचा एफसी भाग जोडला की मूळची घट्ट पकड बऱ्याच अंशी परत येते. म्हणून स्पर्धेचा प्रयोग करायचा असेल तर माझी पसंती एफसी जोडलेल्या प्रोटीनला. आणखी एक फायदा आहे. प्लेटवर आधी प्रोटीन-ए किंवा अँटी-ह्यूमन एफसी चढवून मग रिसेप्टर त्यावर धरता येतो. मग तो नैसर्गिक आकारात, मोकळा उभा राहतो. थेट प्लास्टिकवर चढवला तर चिकटताना त्याचा आकार बिघडतो, आणि इन्सुलिनची जागा प्लास्टिककडे तोंड करून बसण्याची शक्यताही असते.

एफसी घेतलात तर नुसता ह्यूमन आयजीजी-१ एफसी वेगळा मागवा आणि प्रत्येक प्लेटवर त्याच्या विहिरी ठेवा. अर्काने तिथेही तोच परिणाम दाखवला तर त्याचा रिसेप्टरशी संबंध नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो, आणि वगळला जातो तो नेमका हाच कंट्रोल, कारण त्याचे वेगळे पैसे पडतात. पण तो नसेल तर बाकीच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

आता इन्सुलिनबद्दल. दुकानातलं इन्सुलिन या प्रयोगात नको. त्यात मेटा-क्रेसॉल किंवा फिनॉल, झिंक, ग्लिसरॉल अशा गोष्टी असतात, आणि झिंक-फिनॉलमुळे इन्सुलिनचे सहा-सहाचे गट बनलेले असतात. रिसेप्टरला सुटा रेणूच बसतो. शिवाय आकडे बघा. आपल्याकडच्या ४० आययू प्रति मिलीच्या बाटलीत सुमारे १.४ मिलिग्रॅम प्रति मिली इन्सुलिन असतं. इन्सुलिनचा रेणूभार ५८०८, म्हणजे ते झालं सुमारे २४० मायक्रोमोलर. १:१०० केलं तरी २.४ मायक्रोमोलर, म्हणजे रिसेप्टरला लागतं त्याच्या हजारपटीच्या घरात. इतक्या इन्सुलिनपुढे कुठल्याही प्रामाणिक स्पर्धकाचा टिकाव लागत नाही. आणि तरीही तुमचा सिग्नल अर्काने खाली आला! हा स्पर्धेचा पुरावा होऊ शकत नाही. उलट, स्पर्धेव्यतिरिक्त काहीतरी घडतंय असं हा निकाल सांगतो.

ते काय असेल? जांभळाच्या बियांत टॅनिन भरपूर, गॅलिक आणि एलॅजिक आम्लंही. टॅनिनची ख्यातीच प्रोटीनला चिकटून त्याचा साका करण्याची. ते रिसेप्टरला चिकटेल, बीएसएला (बफरमध्ये घालतात त्या गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनला) चिकटेल, अँटिबॉडीलाही चिकटेल. प्लेटवर चढलेलं प्रोटीन ओढून धुण्याच्या पाण्यात नेईल. शिवाय एलायझातला निळा रंग एचआरपी एन्झाइम टीएमबी या रंग देणाऱ्या रसायनाचं ऑक्सिडीकरण करून आणतं. गॅलिक आम्लासारखे अँटिऑक्सिडंट तो रंग मारतात. धुतल्यावरही थोडा अर्क मागे राहिला की सिग्नल कमी दिसतो, मग तिथे रिसेप्टर असो वा नसो.

हे तपासणं सोपं आहे आणि नवीन प्रोटीनचे पैसे खर्च करायच्या आधी करण्यासारखं आहे. काही विहिरींत बायोटिन लावलेलं बीएसए चढवा, अर्क घाला, धुवा, मग स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपी (स्ट्रेप्टॅव्हिडिन बायोटिनला घट्ट धरतं) आणि टीएमबी. यात ना रिसेप्टर आहे ना इन्सुलिन. तरीही सिग्नल पडला तर पहिल्या प्लेटवरचा परिणाम अर्काच्या रसायनाचा होता असं धरायला हरकत नाही. दुसरी चाचणी: बफरमध्ये ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घालून पाहा, आणि बीएसए ०.१ वरून १ टक्क्यावर नेऊन पाहा. काही रेणूंच्या पाण्यात बारीक गुठळ्या होतात आणि त्या कुठल्याही प्रोटीनला लपेटून बसतात. ट्रायटनने त्या फुटतात. यातल्या एखाद्या बदलाने परिणाम नाहीसा झाला तर तो विशिष्ट नव्हता. तिसरं म्हणजे पीव्हीपीपी या टॅनिन शोषणाऱ्या पॉलिमरने अर्कातलं टॅनिन काढून टाका आणि पुन्हा करा. हे तिन्ही प्रयोग तुमच्या हातातल्या साहित्यात आणि थोड्या स्वस्त रसायनांत होतात. त्यांचा निकाल येईपर्यंत महागडी व्हायल मागवू नका असा माझा आग्रह आहे.

यातून अर्क पार पडला तर स्पर्धेचा प्रयोग असा लावा. एफसी रिसेप्टर धरलेली प्लेट. त्यावर बायोटिन लावलेलं इन्सुलिन, एक-दोन नॅनोमोलरच्या आसपास. बायोटिन बी-२९ लायसिनवर असल्याची खात्री करा, कारण ए साखळीच्या सुरुवातीला काही जोडलं तर इन्सुलिनची पकड ढिली होते. शोधायला स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपी, म्हणजे अँटी-इन्सुलिन अँटिबॉडीची भानगडच नको. बांधलेल्या इन्सुलिनवर तिची जागा झाकलेली असू शकते. आधी साधं इन्सुलिन वाढवत नेऊन बायोटिन-इन्सुलिन हटतं का ते पाहा. तो वक्र नीट आल्याशिवाय अर्काला हात लावू नका. दुसरा कंट्रोल म्हणून एस-९६१ मिळालं तर उत्तम: ४३ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड इन्सुलिनच्या जागी घट्ट बसतं पण रिसेप्टर चालू करत नाही. संशोधनाच्या दर्जाचं इन्सुलिन ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, मग ०.१ टक्का बीएसए असलेल्या बफरमध्ये पातळ करा. पातळ इन्सुलिन काचेला आणि प्लास्टिकला चिकटतं. बीएसए नसेल तर नॅनोमोलर म्हणून जे घातलं ते विहिरीत पोचलेलंच नसतं.

एसपीआर करावं का असंही तुम्ही विचारलंय. कच्च्या अर्कासाठी करू नका. शुद्ध घटक हातात आला तरी आधी गणित करा. बाहेरचा भाग साखरेसकट सुमारे ३ लाख डाल्टन धरला आणि चिपवर ५००० युनिट बसवला, तर इन्सुलिनचा जास्तीत जास्त सिग्नल शंभराच्या जवळपास येईल, पण ४०० डाल्टनच्या वनस्पतिज रेणूचा येईल सहा-सात युनिट. डीएमएसओ या द्रावकाचं प्रमाण दोन बफरमध्ये किंचित वेगळं झालं तरी यापेक्षा मोठी उडी दिसते. अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय या फंदात पडू नये.

इथपर्यंतचं एका दमात: पहिल्या दोन विधानांसाठी सस्तन पेशीत बनलेला, पूर्ण, शक्यतो एफसी जोडलेला बाहेरचा भाग, आणि त्याआधी टॅनिनचा निकाल. आता तिसरं विधान, 'अर्क रिसेप्टर चालू करतो'.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण ती तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडते. १९९९ मध्ये मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी 'सायन्स'मध्ये एल-७८३,२८१ नावाचा छोटा रेणू जाहीर केला. काँगोमध्ये किन्शासाजवळ गोळा केलेल्या एका वनस्पतीवर वाढणाऱ्या बुरशीतून तो मिळाला होता. तो इन्सुलिनसारखा वागत होता आणि तोंडावाटे दिल्यावर मधुमेही उंदरांची साखर उतरवत होता. पण तो बाहेरच्या जागेवर बसतच नव्हता, आतल्या कायनेज भागावर काम करत होता. हजारो अर्क त्यांनी चाळले ते मानवी इन्सुलिन रिसेप्टर भरपूर बनवणाऱ्या सीएचओ पेशींवर. नुसत्या बाहेरच्या भागाचं बाइंडिंग बघत बसले असते तर हा रेणू त्यांच्या हाती लागलाच नसता. छोटे वनस्पतिज रेणू इन्सुलिनची भलीमोठी जागा व्यापतील ही अपेक्षाच मुळात कमी ठेवावी. त्यांचा परिणाम खरा असेल तर तो आत कुठेतरी असण्याचा संभव जास्त.

आतला भाग घ्यायचा तर तो साधारणपणे कीटकांच्या एसएफ-९ पेशींत बॅक्युलोव्हायरसने बनवलेला असतो, बऱ्याचदा जीएसटी हे शुद्धीकरणाला सोयीचं प्रोटीन जोडलेला. डेटाशीटवर 'अ‍ॅक्टिव्ह' लिहिलेलं असेल तर थांबा. त्याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की त्याच्या टायरोसिनवर आधीच फॉस्फेट चढलेलं आहे. असा कायनेज आधीच चालू आहे, त्याला अर्क आणखी काय चालू करणार? अवरोधक शोधायला तो चांगला, चालना देणारा रेणू शोधायला निरुपयोगी. तुम्हाला फॉस्फेट न चढलेला हवा, किंवा फॉस्फेटेजने ते उतरवून नंतर फॉस्फेटेज पूर्ण काढून टाकावा लागेल. कंपनीला सरळ ई-मेल करून विचारा, या लॉटची फॉस्फोरिलेशनची अवस्था काय आहे. ज्यांनी स्वतः प्रोटीन बनवलंय ते उत्तर देतात.

कायनेजच्या चाचणीत एटीपी, मॅग्नेशियम-मँगनीज आणि ग्लुटामिक आम्ल-टायरोसिनचं चारास एक प्रमाणातलं पॉलिमर वापरतात. प्रकाशावर आधारलेली किट सोयीची असली तरी त्यातलं ल्युसिफरेजही पॉलिफिनॉलने मंदावतं, म्हणून किटमधलं एडीपी थेट घालून अर्काचा परिणाम आधी पाहा. बंद करणारा कंट्रोल म्हणून स्टॉरोस्पोरिन किंवा लिन्सिटिनिब चालेल.

अँटिबॉडी घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर उगाच दोन विकत घ्याल. चालू होण्याच्या वळणावरचे तीन टायरोसिन काही ठिकाणी ११४६, ११५०, ११५१ लिहिलेले दिसतील, काही ठिकाणी ११५८, ११६२, ११६३, आणि डेटाबेसमध्ये ११८५, ११८९, ११९०. जागा त्याच आहेत. पहिल्या आणि दुसऱ्यात एक्झॉन ११ च्या १२ अमिनो आम्लांचा फरक, दुसऱ्या आणि तिसऱ्यात सिग्नल पेप्टाइडच्या २७ चा.

पण खरं सांगायचं तर, तुमच्या जागी मी असतो तर तिसऱ्या विधानासाठी सुरुवात विकतच्या प्रोटीनने केलीच नसती. बटण आणि घंटा जोडलेली वस्तू पेशीत आयती मिळते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी-भांडाराकडे हेपजी-२ साठी अर्ज करा. त्या मानवी यकृताच्या पेशी आहेत, रिसेप्टरही मानवीच. रात्रभर सीरमशिवाय ठेवा, दहा मिनिटं इन्सुलिन किंवा अर्क द्या, पेशी फोडून रिसेप्टरच्या टायरोसिनवरचं आणि एकेटीच्या (रिसेप्टरच्या पुढच्या साखळीतल्या कायनेजच्या) सेरीन ४७३ वरचं फॉस्फेट ब्लॉटवर पाहा. फोडताना बफरमध्ये फॉस्फेटेज-अवरोधक घालायला विसरू नका. एल-६ आणि ३टी३-एल१ याही चांगल्या पेशी, पण पहिल्या उंदीरवर्गातल्या रॅटच्या आणि दुसऱ्या माउसच्या. शीर्षकात 'ह्यूमन' लिहायचं असेल तर त्या पुरणार नाहीत.

पेशींतही एक सापळा आहे. इन्सुलिन नसताना अर्काने काहीच झालं नाही, पण थोड्या इन्सुलिनसोबत फॉस्फेट वाढलं, तर अर्क रिसेप्टरवर बसला असं लगेच म्हणू नका. पीटीपी१बी नावाचं फॉस्फेटेज रिसेप्टरवरचं फॉस्फेट उतरवत असतं आणि कित्येक वनस्पतिज घटक त्यालाच रोखतात. मग फॉस्फेट टिकून राहतं आणि इन्सुलिनचा परिणाम वाढल्यासारखा दिसतो. हा खोटा परिणाम नाही, उलट अभ्यासण्यासारखा आहे. पण तेव्हा पेपरचं वाक्य वेगळं असेल आणि मागवायचं प्रोटीनही रिसेप्टर नसेल, पीटीपी१बी असेल. ते स्वस्त आहे, ई. कोलायमध्ये उत्तम बनतं आणि साध्या रंगाच्या चाचणीत मोजता येतं.

प्रस्तावनेत तुम्ही लिहिलेलं एक वाक्यही बदला. 'टाइप-२ मधुमेहात इन्सुलिन रिसेप्टर निकामी होतो' हे बरोबर नाही. रिसेप्टरच्या जनुकातच मोठा दोष असणारे आजार आहेत, डोनोह्यू सिंड्रोम, रॅब्सन-मेंडेनहॉल सिंड्रोम, पण ते अतिशय विरळा. नेहमीच्या टाइप-२ मध्ये मुख्य बिघाड रिसेप्टरच्या पुढच्या साखळीत असतो, शिवाय स्वादुपिंडाच्या बीटा पेशी कमी पडतात. रिसेप्टरला चिकटणारा घटक सापडला म्हणून तो बिघाड आपोआप दूर होणार नाही. रुग्ण ही वाक्यं वाचतात आणि इन्सुलिन सोडून बियांची पूड घेतात. म्हणून इथे काटेकोर राहणं आपलं काम आहे.

शेवटी व्हायलबद्दल. एफसी रिसेप्टर साधारण ५० मायक्रोग्रॅममध्ये मिळतो. विहिरीला १०० नॅनोग्रॅम धरले तर एका पूर्ण प्लेटला दहाच्या आत मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे एका व्हायलमध्ये पाच प्लेटा. उघडण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, कोरडी पूड झाकणाला चिकटलेली असते. डेटाशीटमध्ये सांगितलेल्याच बफरमध्ये विरघळवा, व्हॉर्टेक्स करू नका, कमी चिकटणाऱ्या नळ्यांत छोटे भाग करून उणे ८० ला ठेवा आणि एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका. आलेल्या लॉटचा थोडा भाग रिड्यूसिंग जेलवर चालवा. फ्युरिनने कापलेल्या हिस-टॅग प्रोटीनचा अल्फा पट्टा १२० ते १३५ किलोडाल्टनवर आणि बीटाच्या बाहेरच्या तुकड्याचा ४० च्या आसपास दिसतो. एफसीवाल्यात खालचा पट्टा एफसीमुळे आणखी वर सरकतो. एकच मोठा पट्टा आला तर ती न कापलेली साखळी आहे, कंपनीकडे विचारणा करा.

आणि पाच प्लेटांतून थोडं उरलं तर ते पेशींच्या प्रयोगात वापरा. माध्यमात सुटा बाहेरचा भाग घातला की तो इन्सुलिनला पेशीपर्यंत पोचण्याआधीच पकडतो. एक नॅनोमोलर इन्सुलिनसाठी वीस नॅनोमोलर रिसेप्टर घ्या, म्हणजे मिलीला सुमारे सहा मायक्रोग्रॅम. ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये विहिरीला ०.६ मायक्रोग्रॅम पडतं. इन्सुलिनचा परिणाम यात जवळपास बुजायला हवा, आणि नुसता एफसी घातलेल्या विहिरीत तो जसाच्या तसा राहायला हवा. मग अर्क तसाच करून पाहा. अर्काचा परिणाम रिसेप्टर घालूनही कायम राहिला, तर अर्कातला सक्रिय घटक या बाहेरच्या भागाला पकडला जात नाही असं त्यावरून लिहू नका: कच्च्या अर्कात तो घटक वीस नॅनोमोलरपेक्षा कितीतरी जास्त असू शकतो, आणि मग एवढा रिसेप्टर त्याला पकडूनही पुरणार नाही. ब्लॉट आल्यावर इथेच टाका, पट्टे पाहून पुढचं बोलू.